घराच्या वर्षात बसणारी बाग

घरातले सणवार तिथीनं चालतात आणि झाडं सूर्यानं. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२५ साली २७ ऑगस्टला. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. अधिक महिन्यामुळे सण असे मागेपुढे सरकतात. झेंडूला मात्र बी टाकल्यापासून भरून फुलायला अडीच ते तीन महिने लागायचे ते लागतातच. म्हणजे एका वर्षी बी जुलैच्या अखेरीला टाकलं तरी चालतं आणि दुसऱ्या वर्षी ते जुलैच्या पहिल्याच आठवड्यात, ऐन मुसळधारेत, पेरून आडोशाला ठेवावं लागतं. दाराला घरच्या झेंडूचं तोरण हवं असेल तर दसऱ्याची तारीख बघून मागे मोजत यायचं. तिथवर पोचलं की दिसतं, नेमक्या त्याच आठवड्यात मुलाची घटक चाचणी आहे, आजोबांच्या डोळ्यांची तपासणी आहे आणि आपल्या कचेरीत तिमाहीचे हिशेब आहेत.

हे पुस्तक या तीन वेळापत्रकांबद्दल आहे: सणांचं, पावसापाण्याचं आणि घरातल्या माणसांचं. बागकामावरच्या पुस्तकांत पहिल्या दोहोंचा विचार असतो. तिसऱ्याचा क्वचितच असतो, आणि घरची बाग मरते ती बहुतेक वेळा तिसऱ्यापायी. झाडांचं ज्ञान कमी पडलं म्हणून वाळलेल्या कुंड्या मी कमी पाहिल्या आहेत. घरात कुणी आजारी पडलं, बाळ आलं, दहावीचं वर्ष लागलं म्हणून वाळलेल्या पुष्कळ. त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे. बाग आखताना आधी घराचं वर्ष मांडावं, त्यातले जड महिने ओळखावेत आणि मग त्या महिन्यांत आपल्याकडून काही न मागणारी झाडं निवडावीत. नवी मुंबईत हे जमतं, आणि वर्षभर जमतं.

आधी या जागेविषयी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५च्या सुमारास ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. १९७० साली ते शहर उभारायला सिडको स्थापन झाली. आगरी-कोळ्यांच्या ९५ गावांची भातखाचरं, मिठागरं आणि गुरचरणं यांवर हे शहर उभं राहिलं. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा आणि खारघरचा डोंगर. खाडीकाठची जमीन मुळात खारी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं अशा जमिनीसाठी भाताचे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण काढले, यावरूनच इथल्या मातीचा स्वभाव कळावा. त्या खाऱ्या जमिनीवर मुरमाचा भराव टाकून आपले सेक्टर वसले. तळमजल्याचे लोक मोठ्या आशेनं अंगणात खड्डा खणतात आणि वीतभर खाली पहार खणखणते. अशा ठिकाणी खड्डा निदान दोन फूट खोल करून मुरूम बाहेर काढावा आणि आतली माती सगळी नवी भरावी. अर्धवट केलं तर आंबा-चिकू सोडाच, जास्वंदही तीन-चार वर्षांत खुरटते.

कोरियांनी बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये कलाग्राम वसवलं, ऐंशीच्या दशकात. एका चौकाभोवती सात-सात घरं, एकाची भिंत दुसऱ्याला लागलेली नाही, आणि प्रत्येक घराच्या वाट्याला आकाशाखालची थोडी मोकळी जागा. आपल्या हवेत उघडी जागा हीसुद्धा राहण्याची जागाच असते, हा त्यांचा आग्रह होता. आज तिथली बरीच घरं वाढून मूळ रूप ओळखू येत नाही, तरी त्या वसाहतीत फिरताना दाराशी कढीपत्ता, भिंतीवर चढलेलं गोकर्ण, कोपऱ्यात केळ असं दिसतं, आणि शहर आखताना कुणी झाडाचा विचार केला तर पुढच्या दोन पिढ्यांना काय मिळतं ते समजतं. कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळच्या बैठ्या घरांपुढे अशी वीत-दीड वीत जमीन अजून आहे. पुनर्विकास होईल तेव्हा ती जाईल. ज्यांच्याकडे आज ती आहे त्यांनी तिच्यावर फरशी घालू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

बाकीच्यांकडे बाल्कनी. बाल्कनीत पहिला प्रश्न मातीचा नसतो, दिशेचा असतो. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कलतो आणि दक्षिणमुखी बाल्कनीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेची बाल्कनी ही हिवाळ्याची बाग: मेथी, पालक, कोथिंबीर, शेवंती, टोमॅटो. मेमध्ये तिच्यावर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली असते, त्यामुळे झाडं तगतात पण फुलत नाहीत. उत्तरेच्या बाल्कनीला वर्षातून दोन-अडीच महिने थोडं ऊन, आणि त्यातलाही निम्मा काळ ढगांचा. तिथे गुलाबाचा हट्ट धरू नये. अळू, गवती चहा, पानओवा, नागवेल, पुदिना यांनी ती जागा हिरवी होते. पश्चिमेकडच्यांना दुपारचं कडक ऊन आणि पावसाळी वारा दोन्ही झेलावं लागतं. त्यांनी मोगरा लावावा, जास्वंद लावावी, उंच काटकुळी झाडं लावू नयेत. आपली बाल्कनी कोणत्या दिशेची, हे न विचारता रोपवाटिकेत काय फुललंय ते बघून रोप घ्यायचं, ही सवय मोडली तर निम्मं अपयश टळेल.

या पुस्तकातलं वर्ष चैत्रापासून सुरू होत नाही. ते २५ मेच्या आसपास, सूर्य रोहिणीत जातो तिथून सुरू होतं. पुढे ७-८ जूनला मृग, २२ जूनच्या सुमारास आर्द्रा. ही नक्षत्रं सूर्याची असल्यामुळे अधिक महिना आला काय, न आला काय, ती जागची हलत नाहीत. म्हणून शेतकरी पेरणी तिथीवर न ठेवता नक्षत्रावर ठेवत आला. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीनं ११ जूनला पोचतो. आणि शाळाही १५ जूनच्या आसपास उघडतात.

घरच्या बागेची खरी अडचण इथे आहे. वर्षातला सर्वांत महत्त्वाचा पेरणीचा आठवडा आणि वह्यांना कव्हर घालायचा, गणवेश-रेनकोट आणायचा, रिक्षावाल्याशी वेळ ठरवायचा आठवडा एकच. त्या धावपळीत कुंड्या तशाच राहतात आणि जुलै उजाडतो. एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात टाकलेलं बी कुजतं. म्हणून जूनचं काम मेमध्ये उरकावं. रोहिणीत माती भरून ठेवावी, वेलांचं बी घरातच छोट्या पेल्यांत रुजवावं, आणि शाळा उघडली की संध्याकाळी फक्त रोप उचलून कुंडीत बसवायचं उरावं.

या दिवसांत एकच गोष्ट लावायला वेळ असेल तर हळद लावा. पंधरा इंची पिशवी, अर्धी माती, अर्धं शेणखत आणि कोकोपीट, त्यात दोन-तीन इंचांवर डोळे असलेले कंद. पहिले दोन आठवडे काहीच दिसत नाही. मग सुरळी केलेलं एक टोकदार पान मातीतून वर येतं, पाऊस लागला की उलगडतं, आणि भाद्रपदापर्यंत पानं हातभर होतात. मधल्या काळात तिला काही लागत नाही. कीड फारशी नाही, आधार नको, थोडी सावलीही चालते. आमच्या घरी सासूबाई श्रावण लागला की विचारायच्या, ‘पानं पातोळ्यांजोगी झाली का गं?’ वाफाळलेल्या पातोळ्यावरून ते पान सोलून काढताना स्वयंपाकघरभर जो वास सुटतो तो बाजारातून आणलेल्या शिळ्या पानाला येत नाही. पौष-माघात पानं पिवळी पडून झोपतात, पाणी थांबवावं, आणि पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करावी. ओल्या हळदीचं लोणचं होईल इतके कंद निघतात, आणि त्यातलेच चार पुढच्या रोहिणीसाठी ठेवायचे. दहावीचं वर्ष असो की दवाखान्याच्या खेपा, हळद सांभाळून घेते.

वेलभाज्यांविषयी एक गोष्ट कामावर जाणाऱ्यांना मुद्दाम सांगायची आहे. काकडी, कारली, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे परागीकरण हातानं करावं लागतं, आणि सकाळी सातला तर आपण डबे भरत असतो. शिराळी आणि दुधी यांची फुलं मात्र दिवस कलताना उमलतात. हार्बरची गाडी पकडून घरी आलात, हातपाय धुतले आणि बाल्कनीत गेलात की ती ताजी उघडलेली असतात. शिराळ्याची नर फुलं झुबक्यानं येतात, मादी फूल एकटं आणि त्याच्या देठाशी बोटाच्या पेराएवढं शिराळं आधीच दिसत असतं. नर फूल खुडून, पाकळ्या मागे वळवून, त्याचे पिवळे परागकोश मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. एवढंच. दोन-तीन दिवसांत ते पेर लांबायला लागलं तर काम झालं. पिवळं पडून गळलं तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. पारव्यांसाठी लावलेली नायलॉनची जाळी वेलाला आयता मांडव होते. संध्याकाळचं माणूस असाल तर शिराळी-दुधी लावा, पहाटेचं असाल तर काकडी. बियाण्याच्या पाकिटावर ही माहिती कुणी छापत नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, अशी रीत. अळू, भेंडी, पडवळ, शिराळी, माठ असं परसात हातानं लावलेलंच त्या भाजीत पडतं. सगळ्या सणांत हा एक सण मला घरच्या बागेचाच वाटतो. पण नवी मुंबईतली निम्मी कोकणातली घरं त्याच आठवड्यात कुलूप लावून गावाला जातात. पाऊस आहेच, झाडं जगतील, अशा भरवशावर लोक निघतात आणि परत आल्यावर आतल्या रांगेतली झाडं वाळलेली सापडतात. कारण वरच्या बाल्कनीच्या स्लॅबखाली पाऊस पोचतच नाही. कठड्यालगतची कुंडी भिजून चिंब आणि हातभर आतली ठणठणीत कोरडी. निघण्याआधी आतल्या कुंड्या कठड्याशी सरकवाव्यात, किंवा बादलीत पाणी भरून सुती दोरीचं एक टोक बादलीत आणि दुसरं मातीत खुपसावं. कुंड्यांखालच्या बशा मात्र काढूनच जावं. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर पडून उडतो. घरी असतानाही आठवड्याचा एक वार बशा रिकाम्या करण्यासाठी ठरलेला असावा.

पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो आणि लगेच चटका बसतो. दिवाळीची साफसफाई, रंगकाम, पाहुणे. हा महिना झाडांना नुसतं पाणी द्यावं आणि सोडून द्यावं. खरा निवांत काळ मार्गशीर्ष-पौषाचा. हवा कोरडी, घरात मोठं कार्य नाही, सहामाही परीक्षा संपलेली. पालेभाज्या याच वेळी कराव्यात. पनवेल-उरणकडे भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल टाकतात आणि थंडीत शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला लावून मडक्यात त्या शेंगांची पोपटी भाजतात. वाल खोक्यात, गोणपाटाच्या पिशवीत, कशातही येतो. मुलांना पहिल्यांदा काही लावायला द्यायचं तर वालासारखं दुसरं बी नाही. दाणा मोठा, बोटात धरता येतो आणि चार-पाच दिवसांत मान वर काढतो.

मोगऱ्याचा प्रश्न मात्र अवघड आहे. तो नव्या फुटीवर फुलतो, म्हणून जानेवारी सरता सरता त्याला आठवडाभर ताण द्यायचा, पानं खुडायची, फांद्या तिसरा हिस्सा छाटायच्या, वरची दोन इंच माती काढून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची आणि मग भरपूर पाणी. फेब्रुवारीत फूट येते, मार्चमध्ये कळ्या. ज्या घरात दहावी-बारावी आहे तिथे हेच दिवस श्वास रोखून काढायचे असतात. त्यासाठी मी या पुस्तकात छाटणी संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी नेली आहे. थोडी लवकर झाली तरी मोगरा तक्रार करत नाही, आणि परीक्षा संपेपर्यंत त्याला पाण्याखेरीज काही मागायचं उरत नाही.

आता घरातल्या माणसांविषयी. बागेचं श्रेय अनेकांना मिळतं आणि पाणी बहुधा एकीलाच घालावं लागतं. हे बदलायला हवं. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी वीस किलोंच्या पुढे जाते. ती सरकवण्याचं, मातीच्या गोणी लिफ्टपर्यंत आणण्याचं काम घरातल्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांनी घ्यावं. आजी-आजोबांना वाकवत नसेल तर त्यांच्या कुंड्या कमरेच्या उंचीवर मांडाव्यात: तुळस, दुर्वा, गोकर्ण, जास्वंद, म्हणजे रोजची फुलं-पत्री त्यांची त्यांना खुडता येते. पावसाळ्यात तळमजल्याच्या बागांत आफ्रिकी गोगलगायी येतात. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून त्या वेचणं हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना इतकं आवडतं की वेगळं सांगावं लागत नाही. मीठ टाकू नका, गोगलगायीबरोबर मातीही मरते. रांगतं मूल असलेल्या घरी कण्हेर, धोतरा आणि डिफेनबेकिया दोन-तीन वर्षं नकोतच. झाडं नंतरही आणता येतील.

खताची बाब मी थोडक्यात सांगते, कारण पुस्तकात तिला अख्खं प्रकरण आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०२२ आणि २०२३ दोन्ही वर्षी नवी मुंबई देशात तिसरी आली. ओला-सुका वेगळा करायची सवय इथल्या घरांना झाली आहे. ओला कचरा गेटपर्यंत नेण्याऐवजी झाकणाच्या दोन डब्यांत सुक्या पानांच्या थरांनी जिरवला तर दीड-दोन महिन्यांत खत हाती येतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीचे प्रयोग केले. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’मधून हे ज्ञान सामान्य माणसांच्या हाती दिलं. तीच वाट धरून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, कामगारांच्या जेवणाच्या उरल्यासुरल्यातून माती तयार करून, फळझाडं वाढवली. त्या उपाहारगृहाच्या अधिकारी होत्या, आणि कामाच्या जागीच, कामाच्या वेळेत बसवून त्यांनी ही बाग केली. वेळ नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सांगते.

पाण्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, असं फार थोड्या शहरांना लाभतं. म्हणूनच मे महिन्यात नळीनं कुंड्या धुणं मला बघवत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, एसीतून ठिबकणारं पाणी यांवर बाल्कनीतली डझनभर झाडं सहज निभतात. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र क्षारांचं असतं. ते रोज एकाच कुंडीला देऊ नका.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं आणि मराठी वाचकाला महिना-महिन्यानं निसर्ग बघायची सवय लागली. डॉ. शरदिनी डहाणूकरांनी केईएम रुग्णालयातलं काम सांभाळत ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ लिहिली. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२९ साली माळ्याच्या बारा महिन्यांवर पुस्तक केलं. त्यांच्या पंगतीत बसायचा या पुस्तकाचा हेतू नाही. हे स्वयंपाकघरातल्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवायचं पुस्तक आहे. हळदीचे डाग पडले तर पडू द्यावेत.

प्रत्येक महिन्याच्या शेवटी अर्धं पान कोरं ठेवलं आहे. पुस्तक वाचायला घेण्याआधी पेन्सिलनं तिथे तुमच्या घरच्या तारखा लिहा: परीक्षा, गावाला जाणं, औषधपाण्याच्या खेपा, लग्नकार्य, कचेरीतले जड दिवस. मग त्या महिन्यात मी सुचवलेल्या कामांपैकी जे त्या तारखांशी भांडतं ते खोडून टाका. जे उरेल तेवढंच करा.